बाग सगळ्यांची, हिरवळ मात्र फी भरणाऱ्यांची

सार्वजनिक जागा गिळली जाते म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बिल्डर उभा राहतो. पत्र्याचे कुंपण, बुलडोझर, पोलीस बंदोबस्त. त्याविरुद्ध काय करायचे, हे इतक्या वर्षांच्या लढायांतून आपल्या संघटनांना बऱ्यापैकी कळलेले आहे. पण ज्यात एक वीटही हलत नाही, फक्त एक स्पीकर, एक कापडी फलक आणि तीसेक चटया येतात, दीड तासाने उचलल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी अंथरल्या जातात, त्या कब्जाला आपण काय म्हणणार आहोत? महापालिकेच्या बागांत आणि मैदानांत पैसे घेऊन चालवले जाणारे व्यायामवर्ग हा असा कब्जा आहे. तो हसतमुख आहे, घामाघूम आहे, त्याच्या अंगावर एकसारखे रंगीत टी-शर्ट आहेत. आणि त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. म्हणूनच त्याबद्दल बोलायला आपण कचरतो. या लेखात मला तेच बोलायचे आहे.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन गेली दहा-बारा वर्षे मी वस्तीतल्या बायका आणि किशोरवयीन मुलींबरोबर काम करते आहे. आमच्या वस्तीला लागून असलेल्या बागेत सध्या सकाळी दोन आणि संध्याकाळी एक अशा तीन 'बॅचेस' चालतात. बागेचे आणि वर्ग चालवणाऱ्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही. कारण नाव दिले की हा एका बागेचा तंटा होतो. तो तसा नाही. आपल्यापैकी कोणत्याही शहरातल्या मैत्रिणीने उद्या सकाळी साडेसहाला घराजवळच्या बागेत जाऊन पाहावे.

चटईएवढी जागा

आधी थोडा हिशेब करू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शहरात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असायला हवी. मुंबईत ती माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. व्यायामासाठी अंथरतात ती चटई साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असते, म्हणजे एक चौरस मीटरपेक्षा थोडी जास्त. थोडक्यात, मुंबईसारख्या शहरात प्रत्येकाच्या वाट्याला एका चटईएवढी मोकळी जागा येते. श्रीमंत असो की गरीब, बाई असो की पुरुष, म्हातारी असो की पाळण्यातले मूल.

आता वर्गातल्या एका माणसाला हातपाय फेकायला किती जागा लागते? चटईच्या तिप्पट-चौपट तरी. तीस जणांचा वर्ग हिरवळीच्या मधोमध उभा राहिला, की नव्वद-शंभर माणसांच्या वाट्याची जागा त्यात जाते. ही शंभर माणसे कोण, हा प्रश्न वर्गाच्या जाहिरातीत कधी येत नाही. तो आपण विचारायचा आहे.

शिवाय वर्ग बागेतली कोणतीही जागा घेत नाही. सपाट, कोरडी, दिव्याखालची, पायवाटेजवळची अशी सगळ्यात चांगली जागा घेतो. उरते ती कडेची, खाचखळग्यांची, अंधारी. अंधारी जागा बायकांच्या आणि मुलींच्या उपयोगाची नसते, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको.

कोण उठले?

आमच्या बागेतून पहिल्यांदा उठल्या त्या मुली.

वस्तीत मुलींना खेळायला जागा नसते. गल्लीत गाड्या उभ्या असतात, मैदानावर मुलगे क्रिकेट खेळतात. एकेका मैदानात सहा-सहा डाव चालू असतात, त्यात मुलीने शिरायचे कुठे? म्हणून आम्ही बागेतला एक कोपरा धरला. संध्याकाळी पाच ते साडेसहा, खो-खो आणि कबड्डी. ऐकायला सोपे वाटते. त्यासाठी आमच्या कार्यकर्त्यांनी घराघरांत जाऊन आयांशी, आज्यांशी, काही ठिकाणी मोठ्या भावांशी बोलणी केली. 'पोरगी मोठी झाली, आता कशाला उड्या मारायच्या?' हे ऐकून घेतले. शेवटी परवानगी मिळाली ती अटींवर. सगळ्या मिळून जातील, सगळ्या मिळून येतील, ताई बरोबर असेल, आणि उजेडाच्या जागी खेळतील.

मग संध्याकाळची बॅच सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मुलींना थोडे सरकायला सांगितले, दुसऱ्या आठवड्यात आणखी थोडे. तिसऱ्या आठवड्यात वॉचमन म्हणाला, "ताई, त्यांची परमिशन आहे, तुमची कुठे आहे?" मी वर्गाच्या परवानगीचा कागद मागितला. तो वॉचमनने पाहिलेला नव्हता. वर्ग चालवणाऱ्यांनी दाखवला नाही. कार्यालयात विचारले तर 'वरून आहे' एवढेच उत्तर मिळाले. स्पीकरवरची गाणी सुरू झाल्यावर वस्तीतल्या आया म्हणू लागल्या, "तिकडे आता धांगडधिंगा असतो, पुरुष माणसं बघायला उभी राहतात, नको पाठवायला." चौदा वर्षांच्या एका मुलीला, जिच्यासाठी मी तिच्या आजीच्या ओट्यावर चार वेळा बसले होते, घरी बसवले गेले. तिच्यामागून आणखी तिघी बसल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मुलग्याला एका मैदानातून हाकलले तर तो दुसऱ्या मैदानात जातो. मुलीला बाहेर पडण्याची जी परवानगी असते ती सुटी नसते. ती जागेला, वेळेला आणि सोबतीला बांधलेली असते. त्यातला एक धागा तुटला की सगळी परवानगी गळून पडते, आणि ती दुसऱ्यांदा मिळवणे पहिल्यापेक्षा अवघड असते. जागा 'थोडी सरकवली' असे वर्गवाल्यांना वाटते. प्रत्यक्षात एका मुलीचे बाहेरचे जग बंद झालेले असते.

मुलींच्या मागून उठल्या त्या सकाळच्या बायका. आठला कामाच्या घरी पोचायचे, त्याआधी पाणी, स्वयंपाक, मुलांचे डबे. यातून अर्धा तास काढून चालायला येणाऱ्या. वेळेच्या वापराच्या २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ८८, असे दिसून आले. बिनपगारी कामातून उरलेल्या वेळेत बाई बागेत येते. ती तिला हवी तेव्हा येत नाही, तिला सुटका मिळते तेव्हा येते. "तुम्ही नंतर या" हे वाक्य तिला लागूच पडत नाही. तिच्या आयुष्यात 'नंतर' नसते.

"पण त्याही बायकाच ना?"

हा आक्षेप आपल्याच मैत्रिणींकडून येतो, आणि तो गंभीर आहे. त्या म्हणतात, बायकांनी बाहेर पडावे, स्वतःसाठी वेळ काढावा, शरीराची लाज सोडावी, हे आपणच सांगत आलो. आता मध्यमवर्गीय बाई उघड्या आकाशाखाली नाचते आहे तर तुमच्या पोटात का दुखते?

माझ्या पोटात दुखत नाही. त्या वर्गात पन्नाशीच्या एक बाई येतात. लग्नानंतर त्यांनी चारचौघांत कधी हातसुद्धा डोक्याच्या वर उचलला नव्हता, असे त्यांनीच मला सांगितले. त्यांचा आनंद खरा आहे आणि तो मला हवा आहे. बाईने नाचू नये असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. वर्ग बंद करा अशी माझी मागणीही नाही. मी विचारते ते एवढेच: हा आनंद मिळवून देण्याची किंमत दुसऱ्या बाईकडून का वसूल होते? आणि मधला नफा कोण नेतो?

'बायका' हा शब्द वापरून वर्गाचा आणि जातीचा प्रश्न झाकता येत नाही, हे आपण गेल्या कित्येक वर्षांत वाद घालून, भांडून शिकलो. महिना दीड हजार फी भरणारी बाई आणि दीड हजारांत एका घरची धुणीभांडी करणारी बाई एकाच बागेत आल्या म्हणून त्या बागेच्या सारख्याच मालकीण होत नाहीत. बऱ्याचदा त्या एकमेकींना ओळखतातही. एकीच्या घरी दुसरी काम करते. मग हिरवळीवरून कोण उठणार, हे वॉचमनला सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११ साली आलेल्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकाने मुंबईच्या संदर्भात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. बाईला सार्वजनिक जागेत यायला नेहमी काहीतरी कारण दाखवावे लागते. बाजारहाट, शाळा, देऊळ, नोकरी. काही कारण नसताना नुसते रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, आणि तोच मागितला पाहिजे. या नजरेने बागेकडे पाहा. पैसे भरलेला वर्ग बाईला आणखी एक सबळ कारण देतो. पायात बूट, हातात चटई, खिशात पावती. तिला कोणी विचारत नाही. पण डबा सोडून बाकावर बसलेली, पदर सैल करून दोन मिनिटे डोळे मिटलेली, मैत्रिणीच्या डोक्याला तेल लावणारी बाई आणखीच खटकू लागते. बागेला 'शिस्त' आली की पहिला बळी या नुसत्या बसण्याचा जातो. पावती असलेलीचा हक्क जितका वाढतो तितका पावती नसलेलीचा आकसतो.

कोणते शरीर विकले जाते आहे?

आरोग्याच्या नावाखाली काय विकले जाते, तेही तपासू. आमच्या बागेच्या फाटकावर लावलेल्या फलकावर दोन छायाचित्रे आहेत, 'आधी' आणि 'नंतर'. दोन्ही बाईचीच. खाली लग्नसराईची सवलत.

१९९४ साली महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले. त्याच वर्षी भारताला विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी असे दोन्ही मुकुट मिळाले, आणि आपल्या बाजारपेठेला बाईच्या शरीराचे नवे मोजमाप सापडले. १९९६ मध्ये बंगलोरला सौंदर्यस्पर्धा भरली तेव्हा देशभरातल्या स्त्रीसंघटनांनी विरोध केला. तेव्हा हे मोजमाप दूरदर्शनच्या पडद्यावर होते. आज ते महापालिकेच्या फाटकाला बांधलेले आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के बायका अधिक वजनाच्या आढळल्या. त्यांना व्यायामाची जागा हवी, यात वाद नाही. त्याच पाहणीत त्याच वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. दोन्ही आकडे आपलेच आहेत. पण पहिल्या आकड्याभोवती बाजार उभा राहतो, कारण त्याच्याकडे फी भरायला पैसे असतात. दुसऱ्या आकड्याला स्पीकर लावून कोणी बोलावत नाही. सार्वजनिक बाग ही दोन्हींसाठी असायला हवी होती. बारीक होण्यासाठी, आणि नुसता श्वास घेण्यासाठीही.

आत 'सर', बाहेर अतिक्रमण

आमच्या बागेच्या फाटकाबाहेर एक बाई पाटीत शेंगदाणे-फुटाणे घेऊन बसते. तिचा धंदा बागेवरच चालतो. गेल्या वर्षभरात तिची पाटी दोनदा अतिक्रमणाच्या गाडीत गेली. फाटकाच्या आत स्पीकर लावून, फलक बांधून, माणशी फी घेऊन जो धंदा चालतो त्याला वॉचमन 'सर' म्हणून सलाम करतो.

दोघेही सार्वजनिक जागेवर पोट भरतात. फरक काय? पाटीवाली कडेला दोन फूट जागा घेते, वर्ग हिरवळ घेतो. पाटीवालीसाठी २०१४ सालचा फेरीवाला संरक्षण कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असाव्यात असे लिहिले आहे. म्हणजे फुटाणे विकणाऱ्या बाईला बसायची जागा मिळावी म्हणून संसदेत कायदा करावा लागला, आणि तरीही तिला उठवतात. वर्गवाल्यांना कोणत्याच समितीपुढे जावे लागत नाही, आणि तरी ते राहतात. धंद्याला आमचा विरोध नाही. एका धंद्याला गुन्हा आणि दुसऱ्याला आरोग्यसेवा म्हणण्याला आहे.

गंमत पाहा. झुंबा हा नाचाचा प्रकार कोलंबियातल्या एका नृत्यशिक्षकाने सुरू केला, २००१ च्या सुमारास अमेरिकेत त्याची कंपनी झाली. ते नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. त्या नावाने शिकवायचे तर कंपनीचे प्रशिक्षण आणि परवाना विकत घ्यावा लागतो. म्हणजे नाचाच्या नावाला मालक आहे, हे सगळ्यांना मान्य. पायाखालच्या जमिनीला मात्र कोणी मालक नाही, असे धरून चालायचे! तिला मालक आहेत. तुम्ही, मी आणि ती फुटाणेवाली.

वर्ग शिकवणाऱ्या मुलींबद्दलही बोलले पाहिजे. आमच्या बागेत शिकवायला येणारी मुलगी पंचविशीची आहे. तिला महिन्याचा पगार नाही, तासाप्रमाणे पैसे मिळतात. पावसाने वर्ग बुडाला की तिचेही पैसे बुडतात. पाय मुरगळला तर तिचा तिने बघायचा. तिच्याविरुद्ध हा लेख नाही. उलट तिला नोकरी कोणी द्यावी, हे पुढे सांगणार आहे.

"महापालिकेला उत्पन्न मिळते" म्हणे

यावर अधिकारी नेहमी एक उत्तर देतात. बागा सांभाळायला पैसे लागतात, वर्गांकडून भाडे घेतले तर देखभाल होईल. ऐकायला बरे वाटते. पण याच वाटेने आपण कुठे पोचतो, हे मुंबईने पाहिले आहे. बागा-मैदाने खासगी संस्थांना 'दत्तक' देण्याचे धोरण जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेत मंजूर झाले. नागरिकांनी विरोध केल्यावर मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. २०२३ मध्ये दत्तक धोरणाचा मसुदा पुन्हा पुढे आला. मुलाला दत्तक घेतात ते त्याला आईबाप नसतील तेव्हा. बागेचे आईबाप जिवंत आहेत आणि कर भरत आहेत.

न्यायालयानेही हे सांगून ठेवले आहे. बंगलोरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. तिथले रहिवासी भांडले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि बागेसाठी राखलेली मोकळी जागा हे लोकांच्या हिताचे राखण आहे, ती अशी खासगी हाती देता येत नाही, असा निर्वाळा दिला. रुग्णालयासारख्या उपयोगी गोष्टीसाठीही बाग देता येत नाही, तर वजन उतरवण्याच्या वर्गासाठी कशी देता येईल? कोणी म्हणेल, वर्ग काही बाग कायमची घेत नाही. बरोबर. पण रोज सकाळ-संध्याकाळ, बागेच्या वापराच्या नेमक्या तासांना, नेमकी चांगली जागा घेतली की उरते ते नाव.

आणि उत्पन्नाचा मुद्दा खरा असेल तर हिशेब दाखवा. किती वर्गांकडून किती पैसे आले? त्यातून बायकांच्या मुतारीला कडी बसली का? पाण्याचा नळ आला का? आमच्या बागेत अजून दोन्ही नाही.

नियम हवेत, पण जपून

इथे एक सावधगिरीची सूचना. 'बागेत सामूहिक कार्यक्रमांना बंदी' असा सरसकट नियम आला तर तो पहिल्यांदा कोणावर चालेल? कबड्डी खेळणाऱ्या मुलींवर, बचत गटाच्या बैठकीवर, बाकावर बसलेल्या जोडप्यावर. फी घेणाऱ्यांना परवानगी काढता येते, बाकीच्यांना येत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळच्या स्टोक गिफर्ड या गावच्या परिषदेने एप्रिल २०१६ मध्ये शनिवारी सकाळी लोक मिळून फुकट धावत होते त्या उपक्रमाकडूनच पैसे मागितले. देशभर गदारोळ झाला. नियम करताना रेघ कुठे ओढायची ते चुकले की असे होते.

रेघ सोपी आहे. जिथे भाग घेण्यासाठी पैसे घेतले जातात आणि त्यातून कोणाला नफा होतो, तो धंदा. जिथे लोक आपापले जमतात, तो वापर. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या हास्यक्लबांसारखी फुकट जमणारी मंडळी, मुलींचा खो-खो, आज्यांचे भजन हा वापर आहे. त्यांनीही एकमेकांना जागा करून दिली पाहिजे, पण त्यांना परवाना मागायचा नाही. परवाना धंद्याला. अमेरिकेतल्या सांता मोनिका शहरात समुद्रकाठच्या बागेत व्यायामशिक्षकांची गर्दी झाली, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या परिषदेने त्यांना परवाना आणि शुल्क लावले. म्हणजे हे करता येते. करायची इच्छा लागते.

ही इच्छा आणायची तर ती नगरसेवकांकडून. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकांचाच कारभार होता, विचारायचे कोणाला हेच कळत नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आहेत. सभागृहात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. या निवडून आलेल्या बायकांना बागेच्या फाटकापाशी बोलावून विचारण्याची वेळ हीच आहे.

आपण काय मागायचे?

एक: कोणत्याही वर्गाला बागेचा कोणताही भाग राखून मिळणार नाही. संध्याकाळी चार ते सात ही वेळ मुलांची आणि मुलींची, त्या वेळेत पैसे घेणारा एकही वर्ग नको.

दोन: परवानगी दिलेल्या प्रत्येक वर्गाचे नाव, वेळ, जागा, माणसांची संख्या आणि महापालिकेला भरलेली रक्कम फाटकावर मराठीत लिहावी. आलेला पैसा त्याच बागेच्या मुतारीवर, दिव्यांवर आणि पाण्यावर खर्च व्हावा.

तीन: स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. हा नियम नवा करायचा नाही, फक्त पाळायचा आहे.

चार: प्रत्येक बागेची वापरकर्त्यांची समिती असावी. निम्म्याहून अधिक बायका, आणि त्यात शेजारच्या वस्तीतल्या बायका व मुली असल्याच पाहिजेत. समितीची बैठक संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी, म्हणजे काम करणाऱ्या बाईला येता येईल.

पाच: दुपारी बागा कुलूपबंद ठेवू नयेत. दोन घरांच्या कामांमधल्या वेळात घरकामगार बाई रस्त्याच्या कडेला का बसते? बागेला कुलूप असते म्हणून.

सहा, आणि सगळ्यात महत्त्वाची: महापालिकेनेच पगारी व्यायामशिक्षिका नेमाव्यात. पूर्ण पगार, रजा, विमा. वर्ग फुकट, सगळ्यांसाठी. ग्रंथालयात ग्रंथपाल असतो, दवाखान्यात परिचारिका असते, तशी बागेत शिक्षिका. मग पन्नाशीच्या त्या बाई, फुटाणेवाली आणि ती चौदा वर्षांची मुलगी एकाच रांगेत उभ्या राहू शकतील. 'वस्तीतल्या दोन बायकांना आमच्या वर्गात फुकट घेतो' असा प्रस्ताव आमच्यापुढे आला होता. तो आम्ही नाकारला. आपल्याच बागेत पाहुणी म्हणून जायचे नाही.

मैत्रिणींनो, सुरुवात लहान असू द्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हातात आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि चार गोष्टी विचारा: आपल्या बागेत कोणत्या वर्गांना परवानगी आहे, ती कोणत्या ठरावाने किंवा आदेशाने, किती पैसे घेतले, आणि ते कुठे खर्च झाले. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर 'परवानगी दिलेली नाही' असे आले तर तो कागद वॉचमनच्या चौकीत लावा. उत्तर 'दिलेली आहे' असे आले तर तो कागद घेऊन नगरसेविकेकडे जा. आणि उत्तराची वाट पाहत असतानाच, आपल्या दहा-पंधरा जणी घेऊन, मुलींना पुढे ठेवून, हिरवळीच्या मधोमध जाऊन बसा. नुसत्या बसा. कोणी कारण विचारले तर सांगा, कारण काही नाही, बाग आमची आहे.

तुमच्या बागेत काय झाले ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.